डुकराचं मटण, शेवया आणि मेंदूतला किडा



आरोग्याच्या पानावर डुकराच्या मटणाची कृती बघून काही उपासक-उपासिका नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. तरीही लिहिते. वस्तीत फिरताना दोन गोष्टी रोज दिसतात. शाळेतून आलेल्या पोरांच्या हातात दोन मिनिटांच्या नूडल्सचं पाकीट, आणि त्यांच्या आईच्या रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन आठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका आणि पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ६९ बाळं रक्तक्षयी निघाली. हे आकडे सगळ्या राज्याचे आहेत. आपल्या गल्लीत काय असेल ते ज्याचं त्याने ओळखावं.

पाकिटात असतं काय? तळून वाळवलेला मैदा आणि मसाल्याची पुडी. एका पाकिटातून एका लेकराच्या पोटात साधारण दोन ग्रॅम मीठ जातं. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोट भरल्यासारखं होतं, पोर गप्प बसतं, आणि कामावरून थकून आलेल्या आईला दहा मिनिटं टेकता येतं. म्हणून मी आईला बोल लावत नाही. पण नूडल्स म्हणजे तरी काय? शेवयाच ना! आपल्या आज्या उन्हाळ्यात खाटेवर, दोरीवर वाळत घालायच्या त्या. आता गिरणीजवळच्या मशीनवर गहू दिला की करून मिळतात. सिक्कीम-लडाखकडचे आपले बौद्ध बांधव मटणाच्या रश्श्यात अशाच शेवया शिजवून त्याला थुक्पा म्हणतात. आपण शेवया फक्त दूध-गुळात घालतो, एवढाच काय तो फरक.

चौघांसाठी पाव किलो डुकराचं मटण घ्या, हाडाविना. वरचा चरबीचा जाड थर काढायला सांगा. थोडी चरबी राहू द्या, म्हणजे वेगळं तेल लागत नाही. बोटाएवढ्या पातळ पट्ट्या करून घ्या, लवकर शिजतात. कुकरमध्ये मटण, ठेचलेलं आलं, सहा-सात लसूण पाकळ्या, आठ-दहा मिरे ठेचून, हळद, अर्धा लहान चमचा मीठ आणि पाच पेले पाणी. मध्यम आचेवर पाच शिट्ट्या. तोवर एक गाजर, पाव कोबी आणि मूठभर पातीचा कांदा लांब-लांब चिरा. शेवग्याचा पाला मिळाला तर फार चांगलं, नाहीतर पालक. कुकर उघडला की वर तरंगणारी चरबी डावाने काढून टाका. रश्श्याला परत उकळी आणून भाज्या टाका, पाच मिनिटांनी चार मुठी शेवया. बारीक शेवया दोन-तीन मिनिटांत होतात, हातशेवयांना जास्त वेळ लागतो. शेवयांच्या पिठात मीठ असतंच, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून घालू नका. गॅस बंद करून मग लिंबू पिळायचं, आधी नाही. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, त्यातही कुकरजवळ उभं राहावं लागत नाही.

या एका वाटणीत मटणातूनच साधारण बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. डुकराच्या मटणात बी-१ हे जीवनसत्त्व भरपूर असतं, नुसत्या पांढऱ्या भातावर राहणाऱ्याला त्याची गरज असते. लोहाबद्दल मात्र खरं सांगायला हवं. नुसत्या मांसात लोह मध्यमच असतं, काळजात भरपूर असतं. म्हणून पाव किलोतलं पन्नास ग्रॅम काळीज मागून घ्या. गरोदर बाईने मात्र काळीज टाळावं, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. मांसातलं लोह अंगी चांगलं लागतं. बरोबरच्या पालेभाजीतलं लोहसुद्धा मांसामुळे आणि लिंबामुळे जास्त शोषलं जातं. आणि जेवल्यावर लगेच चहा पिऊन ती सगळी कमाई घालवू नका, तासभर थांबा.

आता भीतीचं बोलू. डुकराच्या मटणाने मेंदूत किडे होतात, हे घरोघर ऐकू येतं. मोबाइलवर तेच कोबीबद्दल फिरतं. दोन्हींत अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही. या किड्याचं नाव पट्टकृमी. माणसाची उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की कृमीची अंडी त्याच्या पोटात जातात आणि मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी होतात. ते मांस माणसाने अर्धं कच्चं खाल्लं तर त्याच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. मेंदूत नाही, आतड्यात. मेंदूतला आजार होतो तो कृमीची अंडी पोटात गेल्याने. अंडी येतात कुठून? ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून. त्याने हात धुतले नाहीत आणि भाकरी थापली, मैल्याचं पाणी भाजीच्या वाफ्यात गेलं, नळाच्या पाण्यात गटार मिसळलं, की अंडी दुसऱ्याच्या तोंडात जातात. मेंदूत गाठी होतात, फिट येतात. म्हणजे जन्मात डुकराच्या मटणाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. वॉर्डात अशा कट्टर शाकाहारी घरांतल्या रुग्णांची मी शुश्रूषा केली आहे. नातेवाईक शपथेवर सांगायचे, आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचं खरंच होतं.

तेव्हा मटण पूर्ण शिजवा. आतून गुलाबी राहता कामा नये, पाच शिट्ट्या त्यासाठीच. मांसात पांढरे दाणे दिसले तर ते घेऊ नका. मोकाट उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकरापेक्षा बांधून पाळलेल्या डुकराचं मटण विकणारा शोधा. कच्चं मटण चिरलेल्या विळीवर न धुता कोथिंबीर चिरू नका. कोबीची पानं सुटी करून धुवा आणि शिजवूनच खा. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले किंवा कुणाला फिट आली तर सरकारी दवाखाना गाठा. फिट येणाऱ्या माणसाला मेडिकलवरून आणलेली जंताची गोळी आपल्या मनाने देऊ नका, मेंदूत गाठी असतील तर त्याने फिट वाढू शकते. एवढं सगळं करूनही, साठ घरांत मिळून चार संडास आणि त्यांतले दोन तुंबलेले असतील, तर कृमी हटणार नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चाच न्यावा लागतो. डुकराला आणि कोबीला दोष देणं स्वस्त पडतं, म्हणून सगळे तेच करतात.

खाण्याची लाज हा दुसरा आजार. आपल्यातच काही घरांत हे मटण पिढ्यान्पिढ्या खातात आणि काही घरांत "ते त्यांचं खाणं" म्हणतात. हे "ते" कोण, ते सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेबद्दल सांगितलं ती अशी चुलीपाशीही बसलेली असते. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. तो मुद्दा स्वाभिमानाचा होता. दुकानातून पैसे मोजून आणलेल्या ताज्या मटणाला तो लावता येत नाही. अहिंसेचा विचार मांडतानाही त्यांनी गरजेपोटी मारणं आणि मारायची हौस म्हणून मारणं यांत फरक केला आहे. भगवान बुद्धांच्या शेवटच्या भोजनातलं सूकरमद्दव म्हणजे डुकराचं मांस की एखादा कंद, यावर विद्वानांचा वाद चालू आहे, मी त्यात पडत नाही. ज्यांनी करुणेपोटी मांस सोडलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी याच रश्श्यात अंडी किंवा सोयाबीनच्या वड्या टाकाव्यात. पण "घरमालकाला वास येईल" म्हणून सोडणं वेगळं आणि धम्म म्हणून सोडणं वेगळं. शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" लिहून आपल्या चुलीवरचं खाणं उजळ माथ्याने पुस्तकात आणलं, आपण निदान ते आपल्या ताटात तरी उजळ माथ्याने वाढावं.

२०१५ च्या कायद्याने बैलाचं मांस बंद झालं तेव्हा गरिबाच्या ताटातलं सगळ्यांत स्वस्त मांस गेलं. बोकडाचं मटण आपल्याला सणालाच परवडतं. डुकराचं बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्म्या भावात किंवा त्याहूनही कमी भावात मिळतं. पण ते जातं कुठे? रविवारी पुरुषमंडळींच्या पार्टीत, बाटलीबरोबर, बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा विसरून. घरी आलंच तर तुकडे त्यांच्या ताटात आणि बाई-पोरींना रस्सा. म्हणूनच मटणाच्या पट्ट्या पातळ आणि सारख्या कापा असं मी सांगते. डाव ढवळून वाढला की मोठा तुकडा शोधायला जागा राहत नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीला बापाएवढेच तुकडे आले पाहिजेत. तिच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जातं.

रक्तदाब असलेल्यांनी मीठ निम्मं करावं आणि चरबी नीट काढावी. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावं. लहान बाळाला सात-आठ महिन्यांपासून मिरे आणि मीठ न घातलेल्या रश्श्यात मऊ शेवया कुस्करून आणि मटण अगदी बारीक करून देता येतं, सुरुवातीला दोन चमचेच. आणि पाहुणा यायचा राहिला असेल तर शेवया आधीच सगळ्या टाकू नका, रश्श्यात फुगून त्यांचा लगदा होतो. रस्सा बाजूला काढून ठेवा, तो आला की उकळून तेवढ्याच शेवया टाका. फ्रीज नसेल तर रात्रभर मात्र ठेवू नका.