समुपदेशनालाही साधना हवी

साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील गाव. पलसिद्ध मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचा वारसा त्याला लाभला आहे. मन खचले की मठात, मंदिरात वा जाणत्या वडीलधाऱ्यांपाशी जावे, ही रीत अशा गावांच्या अंगवळणी पडलेली आहे. तरीही, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज घोषित केले, त्यांत बुलढाण्याचा समावेश करावा लागला. श्रद्धेचा आधार मोलाचा खराच. पण जीव देण्याचा विचार मनात घोळू लागलेल्या माणसाला वेळीच ओळखणे, हे शिकूनच येते.

हे शिक्षण कोणी, किती घ्यावे, याबाबत मात्र देशात दीर्घकाळ ढिलाई राहिली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी अनिवार्य झाली; सर्वसामान्य समुपदेशक त्या चौकटीबाहेरच राहिला. परिणामी, दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास करणारा आणि काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारा, दोघांच्याही दारावर पाटी एकच! २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशकांना आपल्या कक्षेत घेतले. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आणि राज्यनिहाय नोंदणी, अशी त्याची रचना आहे.

या रचनेची निकड आता अधिक आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. निर्देश स्वागतार्ह आहेत. परंतु मागणी वाढली की बाजारात खोटे नाणेही खपू लागते. रिकाम्या तासिकेच्या शिक्षकाला 'समुपदेशक' म्हणून कागदोपत्री उभे करणे, ही विद्यार्थ्यांची प्रतारणा ठरेल.

समुपदेशन ही पाश्चात्त्यांची उसनवारी, असा आक्षेप कोणी घेईल. कुरुक्षेत्रावर गलितगात्र झालेल्या अर्जुनाचा विषाद आधी पुरता ऐकून घेतला गेला आणि मगच उपदेश झाला, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तरी तो घेऊ नये. या भूमीने अधिकाराविना उपदेश कधी मान्य केला नाही. वैद्याला गुरुगृही राहून शिकावे लागे. कीर्तनकारालाही वर्षानुवर्षांची तालीम असे. मनाच्या जखमा हाताळणाऱ्यालाच तेवढी सूट का?

म्हणून मानदंड कठोर हवेत, पण ते मातीशी नाते सांगणारेही हवेत. अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, गोपनीयतेची शिस्त, आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे वेळेत पाठवण्याचा विवेक, यांना पर्याय नाही. त्याच वेळी विद्यापीठांनी हे शिक्षण मराठीतून द्यावे आणि विद्यार्थ्यांना ग्रामीण रुग्णालयांत, शाळांत पाठवावे. सोयाबीनचा पडलेला भाव आणि सावकाराचा तगादा ज्याला कळत नाही, त्याला साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याचे मौन कसे कळणार? राज्य शासनाने नोंदणी चोख करावी आणि नोंदणीकृत समुपदेशक तालुक्याच्या ठिकाणी तरी उपलब्ध करून द्यावा. खचलेल्या माणसाने विश्वासाने ज्या दारावर थाप मारावी, त्या दारामागे जाणकारच असला पाहिजे.