सुट्टीतली सेवा



मे महिना म्हणजे आमच्या मालवण किनाऱ्यावर माणसांचा महिना. मुंबईचे चाकरमानी येतात, बंद घरांची दारे उघडतात, विहारात गर्दी होते. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्याकडेही गेल्या मे महिन्यात परदेशात स्थायिक झालेल्या भावाची मुलगी आली होती. कॉलेजात शिकणारी, बोलायला मोकळी. आदल्या वर्षी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या चर्चच्या तरुणांबरोबर एका गरीब देशात पंधरा दिवसांच्या सेवेला गेली होती. दुकानात काम करून तिने विमानाचे पैसे जमवले होते.

ती आमच्या पडवीत बसून फोटो दाखवीत होती. माझ्या आईने विचारले, "गो, थय जाऊन तू काय केलंस?"

"शाळेची भिंत रंगवली," ती म्हणाली.

"थय रंगारी नाय होते?"

मुलगी आधी हसली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "होते. ते बाजूला उभे राहून आम्हाला बघत होते."

त्या मुलीचे मन चांगले होते यात मला तिळमात्र शंका नाही. पण आईचा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडेही अशी परदेशी तरुण मंडळी फार पूर्वीपासून आली आहेत. त्यांनी काय केले आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे आज पाहू.

अमेरिकेतून गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते, तरी ते चिकाटीने राहिले. हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि 1826 साली नाशिककडच्या फेरीत पटकीने वारला. परतीचे तिकीट काढून आलेला तो माणूस नव्हता.

सिंथिया फरार ही अविवाहित बाई 1827 साली मुंबईत आली. पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालविल्या आणि 1862 साली तेथेच तिने देह ठेवला. तिची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला आणि 1848 साली पुण्यात त्यांनी ती सुरू केली. सावित्रीमाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 1855 साली छापला, तोही मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' मध्येच.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीची खरी गोष्ट ऐका. रॉबर्ट वाइल्डर हा मिशनऱ्याचा मुलगा 1863 साली आपल्या कोल्हापुरात जन्मला. पुढे तो अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यात माउंट हर्मन येथे कॉलेजच्या सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. ते जवळजवळ महिनाभर चालले. त्यात बावीस वर्षांच्या वाइल्डरने एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली की, परदेशात सेवेला जाण्याची तुझी तयारी आहे काय? शिबिर संपताना शंभर जणांनी होकार दिला. पुढचे वर्ष तो कॉलेजांमागून कॉलेजे फिरला आणि हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' ही विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली आणि पुढील काही दशकांत हजारो तरुण जगभर गेले. म्हणजे सुट्टी एका महिन्याची होती, पण तिच्यात घेतलेला निर्णय आयुष्याचा होता.

वाइल्डरच्या वडिलांनी कोल्हापुरात सुरू केलेले मिशन पुढे कोकणातही उतरले. आमच्या वेंगुर्ल्याला डॉ. रॉबर्ट गोहीन हे अमेरिकन डॉक्टर मिशनच्या दवाखान्यात काम करीत. त्यांचा मुलगा 15 ऑगस्ट 1919 रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. तोच रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन पुढे 1957 ते 1972 प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्याच कारकिर्दीत, 1969 साली, त्या जुन्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला. 1977 ते 1980 तो भारतात अमेरिकेचा राजदूत होता. वेंगुर्ल्याच्या मातीत जन्मलेल्या या माणसाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, या लोकांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. होताच, आणि त्यांनी तो कधी लपविला नाही. परमपूज्य बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांचे काम डोळे झाकून स्वीकारले नाही. त्यांच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ शेवटी वरच्या जातींनाच अधिक झाला आणि धर्मांतरित अस्पृश्यांच्या पदरात फारसे पडले नाही, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. 1956 साली त्यांनी आपल्याला जो मार्ग दिला, तो पूर्ण विचारांती दिला. तेव्हा आपल्याला कोणाच्या चर्चमध्ये जायचे नाही. पण परक्या मुलखात राहून, तिथली भाषा शिकून, तिथेच मरेपर्यंत काम करणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नसावी.

इतके लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख दुसऱ्याला शहाणपण शिकविणारा झाला असता. म्हणून आता स्वतःचे सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चार कार्यकर्त्यांनी जवळच्याच एका बौद्धवाडीत आठ दिवसांचे अभ्यास शिबिर घेतले. मी बी.कॉम., आयुष्य आकडेमोडीत गेलेले. गणित माझ्याकडे होते. नववीत गेलेली एक मुलगी रोज सर्वांच्या आधी येऊन बसायची. तिला टक्केवारी समजेना. सातव्या दिवशी समजली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरलेलो नाही. शेवटच्या दिवशी वह्या वाटल्या, फोटो काढले, भाषणे झाली. निघताना ती म्हणाली, "गुरुजी, परत कधी येतलात?" मी म्हटले, "येतो लवकरच."

वाडी माझ्या कचेरीपासून एसटीने पाऊण तासावर. मी पुन्हा गेलो तो दोन वर्षांनी, बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाचा पाहुणा म्हणून. मुलगी दिसली नाही. तिची आई म्हणाली, "दहावीक गणितात गेला. आता काजूच्या कारखान्यात जाता." तिने मला दोष दिला नाही. चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. त्या परदेशी मुलीने भिंत तरी रंगविली होती. मी नुसते आश्वासन देऊन आलो होतो.

भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारिकेला पाठविले, हे आपण विहारात ऐकतो. पण त्याच संघाला पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियमही होता. फिरणे आणि थांबणे, दोन्ही हवे. आपण फिरतो फार, थांबत नाही.

म्हणून मुंबईहून येणाऱ्या तरुण बंधु-भगिनींना माझी विनंती आहे. मे महिन्यात जरूर या. पण येण्यापूर्वी वाडीतल्या माणसांना विचारा, तुम्हाला काय हवे? कदाचित त्यांना वह्या नको असतील. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरून देणारा माणूस हवा असेल. जे काम तिथला गवंडी, तिथला रंगारी करू शकतो, ते त्याला मजुरी देऊन त्याच्याकडूनच करून घ्या. दहा मुलांना वह्या वाटण्यापेक्षा एका मुलाची दहावीपर्यंतची जबाबदारी घ्या. परत गेल्यावर दर रविवारी त्याला फोन करा. आणि "येतो" म्हणालात तर या.

त्या मुलीने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरण्यास होकार दिला आहे. कारखाना सुटल्यावर ती दमलेली असते, म्हणून रविवार ठरला आहे. गेल्या जूनपासून मी जातो. पावसात दोन रविवार एसटी चुकली, बाकी सर्व पाळले. टक्केवारी तिला अजून येते. बीजगणित राहिले आहे.