भरल्या पोटी उपाशी

मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. लोह कमी, हिमोग्लोबिनही कमी! मला धक्काच बसला. गेले आठ महिने मी मोबाइलवर रोजच्या कॅलरीज मोजतेय आणि टार्गेट एक दिवस चुकलेलं नाही. डॉक्टर हसून म्हणाल्या, "अगं, तू फक्त पेट्रोल मोजतेस. नटबोल्ट कोण मोजणार?"

यावरून मला डाफ्निया आठवला. तळ्यातला जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, कोळंबीचा दूरचा नातेवाईक. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खायचं, हेच त्याचं आयुष्य. म्हणजे तळ्यातली गायच म्हणा ना.

या गाईला वाढायला फॉस्फरस भरपूर लागतो, कारण पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणाच फॉस्फरसवर चालते. तिच्या शरीरात साधारण 80 कार्बन अणूंमागे 1 फॉस्फरस असतो. शेवाळाचं तसं नाही. ऊन भरपूर आणि फॉस्फरस कमी असला की ते कार्बन साठवत सुटतं. हे प्रमाण 300 च्या वर गेलं की डाफ्नियाची वाढ रखडते.

1996 साली जोतारो उराबे आणि रॉबर्ट स्टर्नर यांनी हे प्रयोगात दाखवलं. फॉस्फरस कमी असलेल्या पाण्यात प्रकाश एका मर्यादेपलीकडे वाढवला, तर शेवाळ वाढलं पण डाफ्नियाची वाढ उलट मंदावली. ताट भरलेलं आणि खाणारा उपाशी!

मग ओता की फॉस्फरस? तेही नाही. खतं वाहून आलेल्या तळ्यात बहुतेकदा निळं-हिरवं शेवाळ माजतं. ते खायला अवघड, कधी विषारी, आणि डाफ्नियाला लागणारे स्टेरॉल त्यात नसतातच. प्रश्न जास्त-कमीचा नाहीच, प्रमाणाचा आहे.

तुम्ही म्हणाल, तळ्यातल्या किड्याचं आम्हाला काय? इराक्ली लोलाड्झे नावाच्या गणितज्ञाला हाच प्रयोग ऐकून प्रश्न पडला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर आपल्या पिकांचंही असंच होईल का? 2014 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने उत्तर दिलं: होतं. सुमारे 550 पीपीएम कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे 9 टक्के आणि लोह 5 टक्के कमी भरलं. तांदळातही प्रथिनं जवळपास 8 टक्क्यांनी घटली. आज आपण 420 च्या पुढे आहोत.

माझ्यासारखीला गोळ्या मिळतात, महिन्याभरात फरक पडतो. पण ज्या घरात तिन्ही त्रिकाळ भात किंवा पोळीच असते, तिथे हे पाच-आठ टक्के कोण भरून काढणार? पोट भरलेलं असल्यामुळे ही भूक दिसतही नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की एकरी किती क्विंटल एवढ्यावरच पिकाला शाबासकी देणं बंद करायला हवं. दाण्यात काय आहे, तेही मोजा आणि भाव देताना धरा. हे अशक्य नाही. जास्त लोह असलेलं 'धनशक्ती' बाजरीचं वाण आपल्याकडे आलेलं आहेच. आमच्या धंद्यात किती ओळी कोड लिहिला यावरून माणूस जोखणाऱ्या मॅनेजरला आपण हसतो. मग शेताला तीच फूटपट्टी का?

असो. कॅलरी मोजणारं ॲप काल डिलीट केलं. आज बाजरीची भाकरी आणि अळीवाचा लाडू. जमतंय हळूहळू.