गर्दीची नाडी कोणी पाहावी?
(तृतीय वर्ष, कला)

क्रिकेटचा सामना संपतो न संपतो तोच ठरावीक मथळे झळकू लागतात : 'चाहते संतापले', 'चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी', 'नेटकऱ्यांनी झोडपले'. हे चाहते वार्ताहराला भेटले कोठे, असे आपण विचारीत नाही. कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. समाजमाध्यमांवरील पाचपंचवीस नोंदी चाळल्या की बातमी तयार. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. लाखो नोंदी संगणकाच्या हवाली करायच्या, त्यांतील शब्दांवरून आनंद, दुःख, राग यांची टक्केवारी काढायची आणि 'क्रीडारसिकांचे मन' म्हणून तिचा आलेख मांडायचा. आपल्या समाजशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्पासाठी हा मार्ग मोहात पाडतो. घरबसल्या हजारांचे मत मिळत असेल तर उन्हातान्हात प्रश्नावली घेऊन हिंडणार कोण? माझे म्हणणे एवढेच, की हा सोपेपणा फसवा आहे.

पहिली गोष्ट, हजार नोंदी म्हणजे हजार माणसे नव्हेत. एखादा बोलका गडी एका रात्रीत पन्नास नोंदी टाकतो. आणि चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या धावसंख्या विचारून हळहळणारा माणूस एकही टाकीत नाही. मोठ्या आकड्याला भुलण्याची चूक तशी जुनीच. १९३६ साली अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली! पत्ते बव्हंशी टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचे होते, आणि उत्तर देणारेही उत्साही तेवढेच. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. न विचारता आपण होऊन बोलणारा आणि विचारल्यावर बोलणारा, यांत हाच फरक आहे.

दुसरी अडचण भाषेची. 'पोरांनी काय धुतलंय त्यांना!', 'पार वाट लावली!' हे आपल्याकडे कौतुकाचे उद्गार. शब्दांची यादी समोर ठेवून गुण देणाऱ्या यंत्राला मात्र त्यांत मारामारी आणि विध्वंस दिसतो. उलट शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला कोणी 'वा राजे, काय ती खेळी!' असे म्हटले, की यंत्र त्याची स्तुतीच्या रकान्यात नोंद करते. त्यातून आपली मराठी पोरे रोमन अक्षरांत लिहिणार, मध्येच हिंदी मिसळणार. नव्या यंत्रांना यातले बरेचसे उमगू लागले आहे, हे मान्य. तरीही उपरोध ओळखायला बोलणाऱ्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि तो नोंदीत लिहिलेला नसतो.

हा केवळ हिशेबाचा वाद असता तर मी लेखणी उचलली नसती. पण यात माणसे भरडली जातात. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानने भारताला १० गडी राखून हरविले. संघ अकरा जणांचा. पण मोहम्मद शमीवर त्याच्या धर्मावरून शिव्यांचा वर्षाव झाला. त्याच्या बाजूने उभे राहणारेही असंख्य होते. कर्णधार विराट कोहलीने पत्रकार परिषदेत या प्रकाराचा उघड निषेध केला. आता गंमत पाहा. 'शमीला गद्दार म्हणणाऱ्यांनो, लाज बाळगा' असे कोणी लिहिले, तर त्या वाक्यात शमीचे नाव आहे, 'गद्दार' आहे आणि 'लाज'ही आहे. आंधळी मोजणी या पाठीराख्यालाच शमीच्या विरोधकांत बसविणार! म्हणजे जितके सज्जन बोलतील, तितका द्वेष अधिक दिसेल. मग मथळा येणार, 'देश शमीवर नाराज'. आणि तो वाचून काठावरचे चारजण खरोखरच नाराज होणार.

तिसरी गोष्ट काळाची. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे ७ बळी घेणारा हाच शमी घराघरांत लाडका झाला. २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याच मैदानावर हार्दिक पंड्याची हुर्यो उडविली गेली. आणि ४ जुलैला विश्वचषक घेऊन संघ परतला तेव्हा तेथेच त्याच्या नावाचा जयघोष झाला. प्रत्यक्ष मैदानावरचे मन तीन महिन्यांत पालटते. मग एका रात्रीच्या नोंदींवरून कोणाचे मन कायमचे कसे ठरवावे?

आणि जे खेळ या गलबल्यात फारसे नसतातच, त्यांचे काय? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. नोंदींच्या तराजूत हा खेळ क्रिकेटपुढे हलकाच भरणार. म्हणून शाळेच्या मैदानाभोवती कडे करून उभी राहणारी माणसे रसिक नव्हेत काय?

या पद्धतीचा उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही. शिवीगाळ हुडकून ती खेळाडूपर्यंत पोहोचू न देणे, हे काम यंत्राने अवश्य करावे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात 'फिफा'ने तशी व्यवस्था केलीही होती. वारा कोणीकडे वाहतो आहे याचा अंदाज घेण्यासही नोंदी पुरतात. मात्र वाऱ्याला पीकपाणी समजू नये.

म्हणून प्रकल्प करणाऱ्या मित्रांना आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. नोंदी खुशाल मोजा. पण त्या किती माणसांच्या आहेत हे आधी मोजा. शंभर नोंदी तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि यंत्राचे गुण त्यांच्याशी ताडून पाहा. त्यानंतर वही घेऊन एस. टी. स्टँडवर, तालमीत, वसतिगृहात जा, आणि जो काहीच लिहीत नाही त्याला विचारा. नाडी पाहायची तर हात हातात घ्यावा लागतो.