आखाजीचा दुसरा हिशेब

वैशाख शुद्ध तृतीया. पंचांगात ती अक्षय्य तृतीया, आपल्या खानदेशात आखाजी. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची गावे पुन्हा भरली आहेत. निंबाच्या फांद्यांना झोके बांधले गेले आहेत, सासुरवाशिणी माहेरी आल्या आहेत, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवले गेले आहे, आणि एरवी पत्त्यांना नाक मुरडणारे वडीलधारेही ओट्यावर बसून आज दोन डाव खेळून घेत आहेत. सालदाराचे वर्ष याच दिवशी संपते आणि याच दिवशी नवे ठरते. उचल किती झाली, खाडे किती पडले, धान्य किती द्यायचे राहिले, याची बेरीज-वजाबाकी मळ्यामळ्यांतून चाललेली असते. पण आखाजीला आणखी एक हिशेब चुकता होतो. त्याची वही नसते.

गौराई बोळवायला मुली-बायका नदीवर निघतात, तेव्हा समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका उभ्याच असतात. मग जी तोंडे सुटतात, ती वर्षभर ज्यांनी पदर तोंडात धरून ऐकून घेतले त्यांची असतात. समोरच्या गावाची कंजुषी निघते, तिथल्या जावयांची अब्रू निघते, कुणाच्या नाकाचा आणि कुणाच्या नखऱ्याचा उद्धार होतो. पूर्वी तर कोरड्या पात्रातले दगडगोटेही शिव्यांच्या मदतीला यायचे. इकडे झोक्यावरच्या गाण्यांत सासू, दीर, नणंद आणि खुद्द कारभारी यांचे वाभाडे त्यांच्या देखत निघतात. कुणी रागावायचे नाही, हा अलिखित नियम. आणि आठवडे बाजारच्या दिवशी याच दोन काठांच्या बायका एकाच पथारीवर मिरच्यांचा भाव पाडून मागतात. परक्याला हे सारे रानटी वाटेल. आपल्याला मात्र ठाऊक आहे की, ज्यांच्याशी उद्या सोयरीक करायची आहे त्यांनाच आज शिव्या देता येतात.

विनोदाला आपल्या शिष्ट परंपरेने पाट नेहमी जरा दूरच मांडला. खुद्द समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर टाकली, आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जिवापाड जपणारे वाग्देवता मंदिर आपल्या धुळ्यातच आहे! तिथल्या पोथ्यांना नमस्कार करून पांझरेकाठी टोमणे ऐकायला जाणे धुळेकरांना कधी विसंगत वाटले नाही, हेही चांगलेच झाले.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी तर लिहिणे-वाचणे न शिकताच ही टोमण्याची कला जाणून होत्या. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपात आली आणि आपण त्यांना तत्त्वज्ञ कवयित्री ठरवून मोकळे झालो. त्यांच्या डोळ्यांतला मिश्कीलपणा पाठ्यपुस्तकांच्या गांभीर्यात हरवला. गावातल्या छापखान्यावर त्यांचे एक गाणे आहे. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कागदाकडे पाहून त्या नवल करतात, की कालपर्यंत कोरा असलेला हा कागद शाई लागताच ज्ञानी होऊन बसला, आणि त्याला छापणारा माणूस मात्र होता तिथेच! छापील अक्षरावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना इतक्या हळुवार हाताने कुणी चिमटा काढला नसेल. अग्रलेख लिहायला बसताना तो आठवावा, असा आहे.

हे हसू काही आपल्याच काठावर उगवले नाही. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईत उतरला. साठी गाठलेला, व्यवहारात दिवाळे निघालेला हा अमेरिकन लेखक देणेकऱ्यांची पै न पै फेडण्यासाठी व्याख्यानांतून लोकांना हसवत जगभर फिरत होता. मुंबईहून पुढे तो रेल्वेने अलाहाबादला गेला; त्या लोहमार्गावरच आपले चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ. अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतले ते त्याने अमेरिकेची आरती ओवाळली म्हणून नव्हे. परदेशात जाऊन शहाणपणा मिरवणाऱ्या आपल्याच देशबांधवांची टर उडवून तो गाजला. पुढे त्याने ‘हकलबरी फिन’ हे पुस्तक मिसिसिपीकाठच्या एका उनाड पोराच्या अशुद्ध, ओबडधोबड बोलीत लिहिले आणि गुलामगिरी पचवून बसलेल्या सभ्य समाजाचा बुरखा त्या पोराकरवी फाडला. १८८५ साली काँकर्ड गावच्या ग्रंथालयाने ते पुस्तक कपाटाबाहेर काढले, आणि पुढे अमेरिकेने त्यालाच आपल्या वाङ्मयाचा मानबिंदू केले.

आपल्याकडे यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’ दिली, तेव्हा त्यांनीही आपल्याच माणसांना हसण्याची हीच वाट धरली. पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाची मेस, संमेलने, व्याख्याने, थोरामोठ्यांचा आव, सगळ्यांची रेवडी उडवतो. पण त्याच्या तडाख्यातून सर्वांत कमी सुटतो तो पांडुरंग स्वतः. पुणेकरांना हसणारी पुस्तके पुष्कळ झाली. स्वतःच्या नापास होण्याकडे असे तिरकस पाहणारा नायक मराठीला खानदेशाने दिला, याचा आपण म्हणावा तितका तोरा मिरवत नाही.

आता टिंगलीला आखाजीची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर ती बारमाही आहे. अहिराणीतल्या विनोदी चित्रफिती सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेल्या आपल्या पोरांना गावाशी बांधून ठेवतात, त्यांत अस्सल नमुने आहेतच. मात्र त्यांतल्या किती चित्रफिती बायकोच्या जाडेपणावर आणि सासूच्या खाष्टपणावर चालतात, हे मोजू लागले तर हसू आटते. नदीकाठी बोलणारी बाई होती. इथे ती पुष्कळदा नुसते निमित्त असते. दुसरा फरक त्याहून मोठा. त्या काठावर टोमणा मारणारीला उलट टोमणा झेलावा लागे, समोर चेहरा दिसे, आणि डोळ्यांत पाणी दिसले तर गाणे वळवावे लागे. खोट्या नावाआड बसून जातीवरून, रंगावरून कुणाला तुडवणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही. शिवाय सत्तेवरच्या माणसाचे व्यंगचित्र पुढे पाठवताना ज्यांचा अंगठा अडखळतो, त्यांनाच दुबळ्याची टर उडवताना मोठा पुरुषार्थ वाटतो.

म्हणून या सणाला एवढेच सुचवावेसे वाटते, की आपल्या संस्थांनी टोमणे ऐकण्याची सवय पुन्हा लावून घ्यावी. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतले शेलापागोटे बऱ्याच ठिकाणी नुसत्या पोरींच्या छेडीपुरते उरले, तर कुठे भांडणाच्या धास्तीने बंद पडले. ते जरूर सुरू करावेत. फक्त पहिले पागोटे प्राचार्यांना, दुसरे संस्थेच्या अध्यक्षांना आणि तिसरे सभागृहात तासभर उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांना बांधावे. वर्तमानपत्राच्या संपादकालाही आमंत्रण असू द्यावे. तो पहिल्या रांगेत बसेल.