रांगेचा नियम कोणाचा?



"पाणी, मारहाण, लवकर उरकलेली लग्नं, एवढं सगळं समोर असताना मुलींना संगणकावर आकडे क्रमाने लावायला शिकवायचं हे काय नवं खूळ?" महाड-पोलादपूरच्या आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारलेला हा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. 'कोडिंग' या शब्दाचा गेल्या काही वर्षांत जाहिरातींनी इतका गाजावाजा केला आणि शहरी पालकांना घाबरवून इतके महागडे वर्ग विकले गेले, की आपल्यासारखीला त्याचा वीट यावा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीच्या टप्प्यापासून कोडिंग शिकवण्याची भाषा आली. तरीही या अंकाचे संपादकीय मी याच विषयावर लिहिते आहे. आपल्या बायकांचे पाणी, पेन्शन आणि भरपाई ज्या याद्यांवर अडलेली असते, त्या याद्या आता संगणकावर तयार होतात. त्या कशा तयार होतात हे आपल्यातल्या फारच थोड्या जणींना ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सातवी ते नववीच्या मुलींचे तीन दिवसांचे शिबिर घेतले. लॅपटॉप दोन, तेही मागून आणलेले. त्यावर 'स्क्रॅच' घातले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी खुले केलेले हे साधन फुकट मिळते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर रेंज शोधत उंच दगडावर उभे राहावे लागते, तिथे ही गोष्ट लहान नाही. यात संगणकाची भाषा टाईप करावी लागत नाही. सूचनांचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक अडकवायचे. 'इतक्या वेळा पुन्हा कर' हा एक ठोकळा, 'जर असे असेल तर' हा दुसरा. चूक झाली तर ठोकळा काढून पुन्हा लावायचा, कोणी ओरडत नाही.

पहिला दिवस लॅपटॉपला हात न लावता गेला. आठ मुली ओळीत उभ्या केल्या आणि सांगितले, लहानापासून उंचापर्यंत रांग लावा, पण एका वेळी फक्त शेजारच्या दोघींचीच तुलना करायची. डावीकडची उंच असेल तर जागा बदलायच्या. एक फेरी झाली, सात तुलना झाल्या आणि सर्वांत उंच मुलगी शेवटी पोहोचली. मग सहा, मग पाच. सगळ्या मिळून २८. नंतर चार-चारच्या दोन रांगा आधी वेगळ्या लावल्या, प्रत्येक रांग पुन्हा दोन-दोनच्या जोड्या करून, आणि मग दोन्ही रांगा एकीत एक मिसळल्या, तर फार तर १७ तुलनांत काम झाले. आठ जणींत हा फरक किरकोळ वाटतो. हजार नावांची यादी असेल तर पहिल्या रीतीने जवळजवळ पाच लाख तुलना होतात, दुसरीने नऊ हजारांच्या आत. दोघी सारख्याच उंचीच्या निघाल्या तेव्हा काय करायचे, यावर वाद झाला. "आधी आली ती आधी," असा नळावरचा न्याय एकीने दिला आणि तो सर्वांनी मान्य केला.

दुसऱ्या दिवशी हेच ठोकळ्यांनी करायचे होते. इथे गंमत झाली. पहिल्या जागी दुसरीचे नाव ठेवा, दुसऱ्या जागी पहिलीचे ठेवा, अशी सरळ सूचना मुलींनी दिली आणि यादीत एकच नाव दोनदा आले. दुसरे गायब. यंत्राने सांगितले तेच केले होते. पहिल्या जागी नवे नाव ठेवताच तिथले जुने पुसले गेले, मग परत आणणार कुठून? बराच वेळ सगळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग आदिवासी वाडीवरची एक मुलगी म्हणाली, एका हंड्यात ताक आणि एका हंड्यात पाणी असेल तर अदलाबदल करायला तिसरी रिकामी कळशी लागेल ना! पुस्तकात याला तात्पुरता 'चल' म्हणतात. आमच्या शिबिरात त्याचे नाव कळशीच राहिले.

तिसऱ्या दिवसाची यादी खरी होती. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर वाहून जाईल एवढा पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मुलींना आठ घरे दिली आणि म्हटले, पाणी कोणाला आधी, ती यादी लावा. एका गटाने घर क्रमांक घेतला. दुसऱ्याने रस्त्यापासूनचे अंतर घेतले. तिसऱ्याने घरातली माणसे मोजली. चौथ्याने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचे वय धरले. ठोकळे तेच, रीत तीच, आणि याद्या चार. अंतराच्या यादीत चढावरचे घर दरवेळी शेवटी जात होते. वयाच्या यादीत तर एक आजी चक्क तळाला गेली, कारण तिचे वय कोणाला माहीत नव्हते आणि मुलींनी त्या जागी शून्य लिहिले होते. यंत्राच्या हिशेबी ती गावातली सर्वांत लहान.

हसू आले खरे, पण आपल्यापैकी कितीजणींनी अशा आज्यांसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत! श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा कागद हवा, आणि जिच्या जन्माची नोंदच झाली नाही तिने तो आणायचा कुठून? मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती वारलेली, वडीलही नसलेली, टाकलेली, अशा बायकांनी काय भरायचे? त्यांची सोय नंतर, ओरड झाल्यावर करावी लागली. स्क्रॅचमध्ये 'जर-तर' असा एक ठोकळा आहे आणि 'जर-तर-नाहीतर' असा दुसरा. एकट्या बाईचा विचार न करता केलेल्या अर्जात हा 'नाहीतर' राहून जातो. सॉफ्टवेअर मान्य करत नाही, असे खिडकीवरचा माणूस सांगतो आणि आपण परत फिरतो. ठोकळे लावलेल्या मुलीला एवढे तरी कळते, की नियम कोणीतरी लिहिला आहे आणि तो बदलता येतो.

महाडमध्ये राहून हे लिहिताना चवदार तळे आठवणे अपरिहार्य आहे. पाण्याला कोणी हात लावायचा, याचा नियम इथे शतकानुशतके होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ते पाणी पिऊन तो मोडला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृती जाळली गेली, म्हणूनच तो दिवस आपल्यापैकी अनेक संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. चढती-उतरती भाजणी निसर्गाने लावलेली नसते, हे या गावाला संगणकाने सांगायची गरज नव्हती.

"मुलींना गणित जमत नाही" हे पालुपद मात्र अजून ऐकू येते. १९४५च्या सुमारास अमेरिकेत 'एनिॲक' हे अवाढव्य गणनयंत्र तयार झाले, त्याला काम शिकवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. त्यांतल्या बेटी होल्बर्टन यांना विद्यापीठात पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकाने, घरी राहून मुले का वाढवत नाहीस, असे विचारले होते. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला माहितीची क्रमवारी लावणारा प्रोग्रॅम तयार करून देणारे साधन त्यांनीच लिहिले. त्याची रीत त्यांनी पत्त्यांचा कॅट घेऊन जुळवली. (आमच्याकडे मुलींच्या हाती पत्ते दिसले तर आधी आयांचीच समजूत काढावी लागेल, म्हणून आम्ही चिठ्ठ्यांवर भागवले.) इतक्या लांब जायचे नसेल तर धारावी पाहा. तिथे २०१४च्या सुमारास नवनीत रंजन यांच्या 'धारावी डायरी' उपक्रमातल्या शाळकरी मुलींनी अशाच ठोकळ्यांच्या साधनाने मोबाईलवरची ॲप्स बनवली. एक छेडछाडीच्या वेळी मदत मागण्यासाठी होते. दुसरे सार्वजनिक नळावर आपला नंबर लावण्यासाठी, म्हणजे पुन्हा रांगच.

आता शाळांचे. आमच्या भागातल्या एका शाळेत संगणक आहेत, पण खोलीला कुलूप आहे. दुसरीत तास शाळा सुटल्यावर ठेवला आहे, म्हणजे नेमका मुलींच्या पाण्याच्या आणि सरपणाच्या वेळी. एका संगणकावर पाच जण बसतात तेव्हा माऊस मुलग्याच्या हातात असतो आणि मुलगी वहीत लिहून घेते. अडचण बुद्धीची नाही, वेळेची आणि हाताची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. आपल्या गटातल्या बाया त्या समित्यांवर आहेतच, बहुतेकदा सहीपुरत्या. संगणकाचा तास शाळेच्या वेळेत घ्या आणि मुलींची पाळी वेगळी लावा, ही मागणी त्यांनी पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी. योजनेची यादी लागली की "नाव आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. क्रम कशावरून लावला, कोणाला का वगळले, हेही महिला ग्रामसभेत विचारावे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे लाभार्थ्यांचा तपशील आणि योजना राबवण्याची पद्धत कचेरीने न मागता जाहीर करायची असते.

एप्रिलमध्ये टँकर सुरू होण्याआधी आमच्या मुली दोन वाड्यांची यादी स्वतः तयार करून ग्रामसभेपुढे ठेवणार आहेत. कोणता नियम लावायचा यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही. गरोदर बाईचे घर पहिले, की चढावरचे पहिले, यावर भांडण चालू आहे आणि आम्ही मोठ्यांनी त्यात पडायचे नाही असे ठरवले आहे. लॅपटॉप मात्र दोनच आहेत, त्यांतला एक परत करायचा आहे. एखाद्या गटाकडे जुना, पण चालू स्थितीतला पडून असेल तर जरूर कळवा. चार्जरसकट मिळाला तर उत्तम.