घरट्याची नोंदवही

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या पुढच्या परावर धातूचा छोटा बिल्ला होता आणि त्यावर क्रमांक होता ०३२३३. चौकशी केल्यावर कळलं, की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ओडिशात हा बिल्ला तिला लावला होता. बंगालच्या उपसागरातली मादी किमान साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आली होती. त्याआधी, २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून उलट दिशेने बंगालच्या उपसागरात गेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, हा समज या दोघींमुळे डळमळला.

एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी असलेलं काम मात्र अगदी साधं आहे. कुणीतरी तो बिल्ला पाहिला आणि पाच आकडे न चुकता लिहून घेतले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलांना पर्यावरणाच्या कामातून नक्की काय मिळतं, हे शोधायचं तर सुरुवात या पाच आकड्यांपासून करायला हवी.

कासवं जपण्याच्या कामाची गोष्ट मात्र या मादीच्या तेवीस वर्षं मागे जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्र गरुडाचा अभ्यास करत किनाऱ्याने फिरत होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. कोल्ही-कुत्री अंडी उकरत होती आणि माणसंही ती काढून नेत होती. २००२ मध्ये संवर्धनाचं काम सुरू झालं. गावातली तरुण मुलं त्यात आली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. आज वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या मदतीने किनाऱ्याकिनाऱ्यावर 'कासवमित्र' काम करतात. २०२२ च्या जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंना पहिल्यांदाच उपग्रह टॅग लागले, तेव्हा वेळासच्या मादीचं नाव ठेवलं प्रथमा आणि आंजर्ल्याच्या मादीचं सावनी.

या किनाऱ्यांवर हंगामात काही दिवस राहून काम करणारे विद्यार्थी येतात, कुणी प्राणिशास्त्राचे, कुणी अगदी कॉमर्सचेही. त्यांना पहिल्याच पहाटे जे शिकायला मिळतं ते जवळून पाहण्यासारखं असतं.

मादीच्या परांची खूण धरून घरटं शोधायचं. अंडी शंभर-सव्वाशे, कधी त्याहून जास्तही असतात. ती हाताने एकेक काढायची, पण फिरवायची नाहीत. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून वेळ आणि हात दोन्ही सांभाळावे लागतात. मग जाळीच्या कुंपणात साधारण दीड फूट खोल खड्डा करायचा, मादीने केला होता तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, मडक्यासारखा. तळाला मूळ घरट्यातली वाळू घालायची. वर पाटी लावायची: तारीख, अंड्यांची संख्या, घरट्याचा क्रमांक. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतील त्या सुमारास घरट्यावर टोपली उपडी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची.

बहुतेक वेळा टोपलीखाली नुसती वाळू असते. कासवं पाहायला दुरून आलेली माणसं हिरमुसतात. आणि तिथे उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला त्यांना सांगावं लागतं की आज पिल्लं नाहीत, वाळूचं तापमान कमी असलं की दिवस वाढतात, आणि याच तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं. ज्या मुलाने वर्गात कधी हात वर केला नसेल, तो इथे अनोळखी माणसांसमोर दोरीच्या आत उभा राहून बोलतो. पिल्लं निघतात त्या दिवशी तर त्याला मोबाइलचे दिवे बंद करा, दोरीच्या पुढे पाय टाकू नका, पिल्लाला उचलून पाण्यात सोडू नका, हे मोठ्यांना ठणकावून आणि तरीही अदबीने सांगावं लागतं. हे बोलणं कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात शिकवता येत नाही.

कॉलेजांत अशा कामाची नेहमीची वाट म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). ती सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी त्यात होते. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, ही चौकट मुलांना पाठ असते. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत एनएसएसचे दहा गुण हेही पहिल्या वर्षाच्या मुलांचं मोठं आकर्षण, आणि त्यात वाईट काही नाही. दहा गुणांसाठी आलेला मुलगा गुण विसरून थांबतो की नाही, हे त्याला दिलेल्या कामावर ठरतं. जूनमध्ये रोप लावून फोटो काढला आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावलं, तर तो कशासाठी थांबेल? झेरॉक्सच्या दुकानातून तयार मिळणारा पर्यावरणाचा प्रकल्पही त्याला काही देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला, तो पुस्तकांची पानं वाढावीत म्हणून नव्हता.

याउलट वनराई बंधारा पाहावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये धनगरवाड्यांवर टँकर चढतात. उतार तीव्र, जांभा सच्छिद्र, पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. पाऊस सरला, पऱ्याचा जोर ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि त्या पऱ्यात आडव्या रचायच्या. पुढचे काही महिने पाणी अडतं, जवळच्या विहिरींना पाझर राहतो, गुरांना पाणी मिळतं, चवळी-पावट्याला दोन पाणी जास्त देता येतात. ऊन खाऊन गोण्या फाटतात, म्हणून बंधारा दर वर्षी नव्याने बांधावा लागतो. हे काम करताना मुलांचे हात सोलवटतात, पण खरा कस आदल्या संध्याकाळच्या वाडीतल्या बैठकीत लागतो. वरच्या वाडीने पाणी अडवलं तर खालच्या वाडीचं काय, ही जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर, गोण्या कोण देणार? काकांचं ऐकून घ्यायचं, वहिनींना विचारायचं की पाणी आणायला किती चालावं लागतं, आणि मग जागा ठरवायची. विज्ञान शाखेच्या मुलाला आपला समाज इथे पहिल्यांदा भेटतो.

चिपळूणचं उदाहरण याहून कठोर आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. पाणी उतरल्यावर फावडी-घमेली घेऊन राज्यभरातून स्वयंसेवक आले, त्यांत विद्यार्थीही होते. दुकानांतला, घरांतला, दवाखान्यांतला चिखल त्यांनी उपसला. त्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं. घमेलं उचलणाऱ्या मुलाला हे दोन्ही जोडून दाखवणारा शिक्षक भेटला पाहिजे: हा चिखल आला कुठून, नदीचं पात्र उथळ का झालं, वरच्या डोंगरांवर काय चाललंय, आणि शासनाकडे कोणत्या कागदाने दाद मागायची. सेवेतून नागरिक घडतो तो या प्रश्नांपाशी.

नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला श्रेयांक मिळू लागले आहेत, ही चांगली संधी आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि पिल्लं निघण्याचे दिवस परीक्षांवर येतात. बंधाऱ्याचा काळ दिवाळीनंतरचा, शिबिरं बहुधा डिसेंबरात. सात दिवस सलग एका जागी घालवण्यापेक्षा ते तास हंगामभर वाटून देता आले, तर मुलं घरटं पाहिल्यापासून पिल्लं निघेपर्यंत किंवा बंधारा बांधल्यापासून आटेपर्यंत सोबत राहतील. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने आपली नोंदवही पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हाती द्यावी: कोणत्या तारखेला पाणी किती होतं, विहीर कधी तळाला गेली. तीन वर्षांच्या अशा नोंदी ग्रामसभेत मांडल्या तर त्यांना वजन येतं. एनएसएससाठी दत्तक गाव निवडताना कॉलेजने म्हणूनच एवढं पाहावं, की तिथे पुढची तीन वर्षं सतत जाणं जमेल का. जमणार नसेल, तर कॉलेजच्या मागून वाहणारा पऱ्या घ्यावा.